पीसी कधीही बंद पडतो, सकाळी चालूच होत नाही : फॉरमॅट मारण्याआधी एक वही घ्या

"काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल."

दुकानातल्या मुलाने सीपीयू चालू करून पाहिला आणि चहा यायच्या आत निदान सांगून मोकळा झाला. जूनचा दुसरा आठवडा. मी पाचशे रुपये दिले, दुसऱ्या दिवशी पीसी घरी आणला, आणि चौथ्या दिवशी भर दुपारी तो पुन्हा आपला आपण बंद पडून चालू झाला. मधल्या मध्ये बायकोचे शिवाजी फॉन्ट गेले. ती दहावीच्या शिकवण्या घेते, बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. फायली जागच्या जागी होत्या, पण उघडल्यावर 'खालील उतारा वाचा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. "अहो, हे काय करून आणलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचा पीसी २०१२ चा. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय३ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, मागाहून बसवलेली २४० जीबीची एसएसडी आणि जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १०. घर देवरुखच्या अलीकडे, म्हणजे पावसाळ्यात लाईट किती वेळा लुकलुकते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

मी बँकेतून निवृत्त झालोय, कॉम्प्युटरचा माणूस नाही. पण दिवसअखेर हिशेब टॅली झाला नाही आणि सव्वा रुपयाचा फरक आला, तर आम्ही लेजर फाडून नवीन लिहायला घेत नव्हतो. एन्ट्री शोधायचो. फॉरमॅट मारणं म्हणजे लेजर फाडणं. कधी कधी करावं लागतं, पण पहिल्याच दिवशी नाही. म्हणून एक जुनी डायरी काढली आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायला लागलो: तारीख-वेळ, तेव्हा लाईट कशी होती, काय चालू होतं, आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले. शब्द जमले नाहीत तर मोबाइलने फोटो.

आठ दिवसांत वहीत अशा नोंदी झाल्या:

१४ जून, दुपारी ३.१०. लाईट लुकलुकली. पीसी बंद होऊन लगेच चालू. छताचा पंखा थांबलाही नाही.

१६ जून, संध्याकाळी ७. तसंच. पावसाची सर.

१७ जून, सकाळी ९. रात्री विजा कडाडत होत्या म्हणून मेन स्विच बंद ठेवला होता. सकाळी काळा पडदा, 'एफ१ दाबा'. तारीख १ जानेवारी २०१२. एफ१ दाबल्यावर विंडोजचा गोल फिरला आणि निळा स्क्रीन: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.

२१ जून, सकाळी ११. लाईट एकदम व्यवस्थित. एक्सेलमध्ये माउस गोठला, अर्धा मिनिट तसाच, मग सुटला. दहा मिनिटांनी पुन्हा गोठला. बटण दाबून बंद-चालू केल्यावर: रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.

या नोंदी एकाखाली एक वाचल्या आणि लक्षात आलं की आपण ज्याला 'पीसी बंद पडतो' म्हणत होतो तो एक आजार नव्हता. तीन होते. पहिला लाईटशी बांधलेला, दुसरा मेन स्विचशी, तिसरा कशाशीच नाही. दुकानातल्या मुलाची तरी काय चूक, त्याच्या टेबलावर लाईट लुकलुकत नव्हती.

पहिला: लाईट लुकलुकली की रीस्टार्ट

सगळ्यात आधी विंडोजला काय कळलंय ते बघायचं. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, उघडल्यावर डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम'. लाल खुणेच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर', इव्हेंट क्रमांक ४१ शोधा. त्याचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. यावरून लोक 'कर्नल', म्हणजे विंडोजचा गाभा, 'खराब झालं' असा निष्कर्ष काढतात. तसं नाही. हा फक्त मृत्यूचा दाखला, कारण त्यात नसतं. पण त्याच नोंदीत 'डिटेल्स' या टॅबवर 'बगचेककोड' अशी एक ओळ असते. तिथे शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही: लाईट गेली, एसएमपीएसने (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याने) मान टाकली, पीसी ठार गोठला किंवा कोणी बटण दाबून धरलं. शून्याऐवजी आकडा असेल तर निळा स्क्रीन आला होता आणि तुम्ही तेव्हा चहा करायला गेला होता.

माझ्याकडे दोन्ही वेळा शून्य. म्हणजे विजेकडे बघायचं.

आता, घरात इन्व्हर्टर आहे आणि पीसीला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएसही आहे. दुहेरी बंदोबस्त असताना पीसी बंद पडायचाच नाही असं मला वाटत होतं. यूपीएस तपासायची सोपी रीत: पीसी काढून ठेवा आणि त्याच्या जागी जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा. एलईडी बल्ब नको, तो इतकी कमी वीज घेतो की मेलेली बॅटरीसुद्धा त्याला पेटता ठेवते. बल्ब पेटलेला असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. आमचा बल्ब एकदा पिवळट झाला, यूपीएसने एक केविलवाणी शिटी मारली आणि तीन मोजायच्या आत सगळं बंद. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते ती दोन-तीन वर्षं टिकते. आमची बसवून पाच झाली होती. वर्षभर तो यूपीएस म्हणजे नुसतं जड एक्स्टेंशन बोर्ड होता.

उलट नुकसानच करत होता. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस लाईट लुकलुकली की इमानेइतबारे बॅटरीवर जायला बघतो, तिथे काही नसतं, आणि पीसीची वीज तोच तोडतो. तो नसता तर पीसी कदाचित इन्व्हर्टरवर तगला असता.

कदाचित म्हणतोय, कारण इन्व्हर्टरचीही एक मेख आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. बसवणारा माणूस तो सहसा नॉर्मलवर ठेवून जातो. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला नॉर्मलमध्ये साधारण ४० मिलिसेकंद लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये १०-१५. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये साठवलेली वीज पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरते. हलक्या एसएमपीएसमध्ये त्याहून कमी. पंख्याला हे ४० मिलिसेकंद कळतसुद्धा नाहीत, तो स्वतःच्या वेगात फिरत राहतो. पीसीला कळतात. छताचा पंखा थांबत नाही आणि पीसी मात्र बंद होतो याचं कोडं इथे सुटलं.

इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवर केला, पीसीच्या यूपीएसची बॅटरी बदलली. एक तोटा सांगून ठेवतो: यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत जास्त चोखंदळ होतो, साधारण १८० च्या खाली उतरलं की लगेच बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी लवकर लवकर उतरेल. ज्याला जे परवडेल ते.

अजून एक गोष्ट लाईटवाल्या प्रकरणात येते, ती म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा टेस्टर लुकलुकत असेल तर तो विषय वायरमनचा, माझा किंवा तुमचा नाही. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात.

दुसरा: रात्री मेन बंद केला की सकाळी निळा स्क्रीन

हा मला सगळ्यात आवडला, कारण पाच-पन्नास रुपयांच्या गोष्टीने इतकं मोठं नाटक केलं.

बोर्डवर एक नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उठणारा बोर्डवरचा छोटा प्रोग्राम. त्याचं घड्याळ आणि सेटिंग्ज या बॅटरीच्या जोरावर टिकतात. पण पीसीचा प्लग भिंतीत असून स्विच चालू असेल, तर बंद पीसीतही एसएमपीएस थोडी वीज बोर्डला देत असतो आणि बॅटरीला कामच पडत नाही. म्हणून ती मेलेली असली तरी महिनोन् महिने कळत नाही. ज्या रात्री तुम्ही विजांच्या भीतीने मेन बंद करता त्या रात्री ती उघडी पडते.

सकाळी बायोस सगळं विसरलेला असतो. तारीख मागे जाते. तुम्ही एफ१ दाबून पुढे गेलात आणि विंडोज चालू झाली, तर ब्राउझर म्हणतो घड्याळ मागे आहे, बँकेची साइट उघडत नाही, व्हॉट्सॲप वेबही उघडत नाही. लोक नेटवाल्याला फोन करतात. उजवीकडे खाली तारीख वाचायची तेवढी राहते.

आमच्याकडे त्याच्याही पुढचं झालं. बायोसमध्ये डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं याची एक सेटिंग असते, 'साटा मोड'. आमची विंडोज एएचसीआय पद्धतीवर टाकलेली. बायोसला विस्मरण झालं की हा बोर्ड आपल्या मूळ सवयीवर, म्हणजे आयडीईवर जातो. विंडोज अर्धी उठते, आपल्या ओळखीच्या पद्धतीने डिस्क मागते, मिळत नाही, आणि निळा स्क्रीन टाकते: बूट डिव्हाइसपर्यंत पोचता येत नाही. शब्दशः खरं बोलतेय बिचारी. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, मधला दुभाषा बदललेला. गंमत म्हणजे या क्रॅशची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडत नाही, कारण नोंद ज्या डिस्कवर लिहायची तीच मिळालेली नसते. अशा वेळी वहीच कामाला येते.

त्या सकाळी पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, काही पुसू नका. आधी बायोसमध्ये जा आणि एकेका पानाचा फोटो पाठवा." पीसी चालू करताच डिलीट बटण टकटक दाबत राहिलो (काही कंपन्यांच्या मशीनवर एफ२ असतं), फोटो पाठवले, त्याने दोन मिनिटांत साटा मोड दाखवला. एएचसीआय केलं, तारीख दुरुस्त केली, एफ१० दाबून सेव्ह. विंडोज उठली, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी पाऊस नसता तर मी पुन्हा सीपीयू घेऊन दुकानात गेलो असतो आणि पुन्हा फॉरमॅट झाला असता.

बॅटरी बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा आणि मग बाजूची क्लिप हलकेच सरकवा. बॅटरी आपोआप वर उडते. लिहिलेली, म्हणजे अधिक खुणेची बाजू वर. जुनी मल्टिमीटरवर तपासली तर २.४ व्होल्ट दाखवत होती, नवीन ३.२. आणि सगळं सुरळीत असताना बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा. ते फोटो पीसीवर नकोत, मोबाइलवर.

एक धोक्याची सूचना, नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी. अनेक लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्कला आपणहून कुलूप घालून ठेवते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणून. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी 'रिकव्हरी की', म्हणजे किल्ली, मागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवतोय का हे आज बघा. ती किल्ली नसेल तर त्या डिस्कवरचं काही परत मिळत नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

तिसरा: अर्धा मिनिट गोठतो, मग डिस्कच सापडत नाही

'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' दिसलं की सर्वांत आधी पुढच्या यूएसबीत पेनड्राइव्ह राहिलाय का ते बघा. हसू नका. आमच्याकडे शिकवणीच्या मुली प्रिंट काढायला पेनड्राइव्ह आणतात आणि विसरून जातात, त्यामुळे हा प्रकार वर्षातून दोनदा होतो. पीसी त्या पेनड्राइव्हवर विंडोज शोधत बसतो.

पेनड्राइव्ह नसेल तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का पाहा. दिसत असेल आणि तरी बूट होत नसेल, म्हणजे विंडोज उठत नसेल, तर बूटचा क्रम बिघडलाय किंवा यूईएफआय आणि लेगसी या बूटच्या नव्या-जुन्या पद्धतींची अदलाबदल झालीय, म्हणजे पुन्हा वरची बॅटरीचीच गोष्ट. नाव दिसतच नसेल तर केबल किंवा डिस्क.

आमच्याकडे नाव कधी दिसायचं, कधी नाही. असं धरसोडीचं वागणं दिसलं की माझा पहिला संशय केबलवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. वर निळ्या पट्टीत 'गुड' लिहिलेलं बघून तो बंद करू नका, खालच्या ओळी वाचा. साध्या हार्ड डिस्कला तीन ओळी महत्त्वाच्या. '०५' म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. 'सी५' म्हणजे वाचता न आल्याने संशयित म्हणून बाजूला ठेवलेल्या जागा. आणि 'सी७' म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत किती वेळा माहिती खराब पोचली. पहिल्या दोन वाढत असतील तर दोष डिस्कचा. फक्त सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा. एसएसडीत कंपनीगणिक ओळी वेगळ्या असतात, पण आमच्या एसएसडीत सी७ होती.

इथे मी एक तास फुकट घालवला. सी७ समोर 'बीसी' असं काहीतरी दिसत होतं आणि मला वाटलं कोड आहे. तो आकडाच असतो, फक्त संगणकी सोळाच्या पाढ्यात. मेनूतल्या 'फंक्शन'मध्ये 'ॲडव्हान्स्ड फीचर' आणि त्यात 'रॉ व्हॅल्यूज' इथे दहाची पद्धत निवडली की आपल्याला कळेल असा आकडा येतो. १८८ निघाला. दोन दिवसांनी २१४.

कॅबिनेट उघडलं. एसएसडी मुळात नव्हतीच, त्यामुळे ती बसवताना कोणीतरी जुन्या डीव्हीडी ड्राइव्हची लाल केबल काढून तिला लावली होती. टोकाला धातूची क्लिप नाही, आणि केबल कॅबिनेटच्या झाकणाखाली इतकी मुडपलेली की झाकण लावलं की ती एका बाजूने उचलली जायची. कनेक्टरच्या पितळी रेघांवर हिरवट डाग. खारा वारा, दमट हवा. क्लिपवाली नवीन केबल ऐंशी रुपयांत मिळाली. बोर्डवरचं सॉकेटही बदललं, शेजारचं वापरलं.

सी७ चा आकडा कधी कमी होत नाही हे लक्षात ठेवा. केबल बदलल्यावरही २१४ च दिसणार. बघायचं ते हे की तो तिथेच थांबतो का.

यात एक गोष्ट उलटी करू नका. सी५ किंवा ०५ वाढताना दिसली तर आधी फायली बाहेर काढा, मग बाकीचं. विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम 'चेकडिस्क', त्याचा पूर्ण स्कॅन मरणाऱ्या डिस्कवर चालवणं म्हणजे आजाऱ्याला जिने चढायला लावणं, त्यातच ती जाते. लग्नाचे फोटो असतील तर दुसऱ्या डिस्कवर घेऊन झाल्याशिवाय कोणताही 'रिपेअर' चालवू नका.

निळा स्क्रीन येत असेल तर

आमच्याकडे हे प्रकरण फार झालं नाही, पण शेजाऱ्यांच्या आणि मेहुण्याच्या मशीनवर जे पाहिलं ते सांगतो. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर हा स्क्रीन निळ्याऐवजी काळा आलाय, तेव्हा रंगावर जाऊ नका. खालचा स्टॉप कोड बघा. निसटला तर मघाच्याच ४१ क्रमांकाच्या नोंदीत बगचेककोड असतो, पण तिथे तो साध्या दहाच्या पद्धतीत लिहितात. इंटरनेटवर शोधताना सोळाची पद्धत वापरलेली दिसते म्हणून गोंधळ होतो. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १५९ म्हणजे एखादा ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) झोपेतून उठत नाहीये, २९२ म्हणजे खुद्द हार्डवेअरने तक्रार केलीय.

प्रत्येक वेळी तोच कोड येत असेल तर एखादा ड्रायव्हर किंवा नुकताच टाकलेला प्रोग्राम बघा. दर वेळी नवीनच कोड येत असेल तर रॅम. रॅमची काडी काढायची, सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलकेच फिरवायचं, चुरा झटकून काडी पुन्हा बसवायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजेपर्यंत दाबा. बहुतेक अर्धवट बसवलेल्याच असतात. मग 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवा, किंवा त्याहून कडक परीक्षा हवी तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर. त्यात एकही चूक चालत नाही. शंभरात एक चूक म्हणजे नव्व्याण्णव मार्क नव्हेत, नापास. दोन काड्या असतील तर एकेक लावून तपासा, नाहीतर कोण दोषी ते कळणार नाही.

पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच नाही आणि लांब शिट्ट्या वाजतात, तेव्हाही आधी हाच खोडरबरचा उपाय.

गेम खेळताना किंवा व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटांनी बंद, गार झाल्यावर चालू: उष्णता. मेहुण्याच्या प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसली होती, आणि तिच्यात पालीची अंडी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वाऱ्याने गरगरून बेअरिंग जातं.

आणि एक अगदी घरगुती खूण: सकाळी चालू करताना अडकतो पण तिथून रीस्टार्ट केलं की छान चालतो? मग 'फास्ट स्टार्टअप' बंद करून बघा. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं, निम्मी विंडोज झोपवून ठेवलेली असते. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने उठवतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर ती खूण काढता येते.

विंडोज उठतच नसेल तर

चालू करा, विंडोजचा गोल फिरायला लागला की बटण दाबून बंद करा. असं लागोपाठ केलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी ती स्वतःच दुरुस्तीच्या पानावर जाते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. मी या क्रमाने जातो: आधी शेवटचा अपडेट काढून बघणं, मग सिस्टिम रिस्टोअर (अनेक मशीनवर ते आधीपासून बंदच असतं, म्हणून भरवसा धरू नका), मग स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये पीसी तासभर नीट चालला तर विंडोजचा गाभा शाबूत आहे आणि भानगड वरच्या कशात तरी आहे. तिथे विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करणारा सिस्टिम फाइल चेकर चालवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी', एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून 'स्कॅननाऊ', अर्थात इंग्रजीत.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी झाली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची. ती मशीन फॉरमॅट मारायला दुकानात नेली असती तर अजून रांगेत असती.

तरीही दुकानात जावं लागलं तर

जावं लागतं. एसएमपीएस जळाल्याचा वास, बोर्डवर फुगलेले कपॅसिटर, डिस्कमधून टकटक, यात घरी हात घालू नका. पण नुसतं 'बंद पडतो' सांगून सीपीयू टेबलावर ठेवू नका. वहीचं पान फाडून किंवा फोटो काढून द्या. केव्हा होतं, केव्हा होत नाही, पडद्यावरचे शब्द, आणि तुम्ही आधीच काय बदललंय. शेवटचं लपवू नका, दुरुस्तीवाल्याला ते नाही तरी कळतं. घरून निघण्याआधी फॉन्ट, टॅलीचा डेटा, डेस्कटॉपवर पडलेल्या फायली दुसरीकडे घ्या. 'डी ड्राइव्ह सेफ आहे' एवढ्यावर जाऊ नका. डेस्कटॉप आणि फॉन्ट सी ड्राइव्हवर असतात. आणि स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नको.

त्या मुलाला मी पुढच्या खेपेला वही दाखवली. त्याने शांतपणे पानं उलटली, बॅटरीच्या नोंदीवर थांबला आणि म्हणाला, "काका, गेल्या आठवड्यात असेच दोन आले होते माझ्याकडे." फॉरमॅट मारलेस का, हे मी विचारलं नाही.

सी७ काल रात्री पाहिला, २१४. मेन स्विच मुद्दाम रात्रभर बंद ठेवला होता, सकाळी घड्याळ बरोबर होतं. फॉन्ट मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर सापडले. प्रश्नपत्रिका पुन्हा वाचता येतात, फक्त एका फॉन्टचा 'ज्ञ' अजून चौकोन दिसतोय आणि विज्ञानाच्या पेपरात तो फार येतो.